एकामागे एक पाच खुर्च्या

सकाळी बागेतल्या खांबावर वाढदिवसाचा झेंडा चढला, दुपारी तीनच्या कॉफीला एस्किलने केकवरच्या आठ मेणबत्त्या फुंकल्या (ऐंशी लावायला सुनेने साफ नकार दिला होता), आणि त्यांचा धूर विरायच्या आत त्याच्या दोन्ही पोरांची जुंपली. क्रॉगांच्या घरात एवढा वेळ शांतता टिकली हेच पुष्कळ. ईस्टरला तर हेरिंग माशांची ताटली फिरायच्या आधीच सुरुवात झाली होती.

“मुद्दा एकच आहे,” टॉर्बेन म्हणाला. तो ऑर्हुस शहरातला दंतवैद्य. समोरच्याचं तोंड उघडं ठेवून बोलायची सवय, त्यामुळे उत्तराची वाट बघणं त्याला कधी जमलंच नाही. “नव्या फ्लॅटची बैठकीची खोली चार बाय पाच मीटर. तिथे गाण्यांचा एकच सेट मावणार. मग तो चांगला न्यायचा की जुना न्यायचा?”

“म्हणजे जुना तो चांगला नाही, हे तुझं आधीच ठरलंय,” विबेके म्हणाली. ही धाकटी. शाळेत मुलांना सुतारकाम शिकवते आणि हातात करवत नसली तरी असल्यासारखीच बोलते.

“अगं, पन्नास वर्षांपूर्वीचा ॲम्प्लिफायर आहे तो! पन्नास वर्षांत माणसाचे दात पडतात.”

“तुझ्याकडे येणाऱ्यांचे पडत असतील.”

ओवेमामा खूश होऊन खुर्चीत सरसावून बसला. एस्किलच्या बायकोच्या, गुद्रुनच्या, या भावाला भाच्यांच्या भांडणासारखं दुसरं सुख नव्हतं. त्याने कडू मद्याचा छोटा पेला पुन्हा भरून घेतला आणि म्हणाला, “चालू द्या, चालू द्या. मी फक्त केक खातोय.”

दोघांचंही आपापल्या परीने खरं होतं, हीच पंचाईत. विबेकेने अख्खा हिवाळा गॅरेजमध्ये बसून बाबांचा जुना सेट पुन्हा उभा केला होता. आतले सुकलेले भाग बदलले, कर्ण्यांच्या कडेचं कुजलेलं रबर काढून नवं चिकटवलं, रोझवूडच्या पेट्यांना सात वेळा तेल पाजलं. आणि टॉर्बेन काल संध्याकाळी स्वतःच्या गाडीतून एक नवाकोरा सेट घेऊन आला होता, माणसाच्या खांद्याएवढ्या उंच दोन पांढऱ्या पेट्या आणि बागेच्या नळीएवढ्या जाड तारा. किंमत त्याने सांगितली नव्हती. पण पियाने, त्याच्या बायकोने, स्वयंपाकघरात बनपावाला लोणी लावता लावता सासूच्या कानात सांगितली होती, आणि गुद्रुनच्या हातातून सुरी पडली होती.

“आम्ही स्वयंपाकघरात रेडिओवर बातम्या ऐकतो ना आई,” पिया म्हणाली होती, “तो रेडिओ दीडशे क्रोनरचा आहे. बातम्या सगळ्या कळतात.”

टेबलाच्या टोकाशी उत्सवमूर्ती बसली होती. एस्किल क्रॉग, पांढरा शर्ट, गळ्यात बो-टाय, चेहऱ्यावर हसू. अडतीस वर्षं त्याने खाडीकाठच्या रेडिओ कारखान्यात ऐकायचं काम केलं होतं. होय, ऐकायचंच. कारखान्यातून कुठलाही नवा नमुना बाहेर पडायच्या आधी पाच जणांची एक मंडळी तो ऐकायची, आणि त्या पाचांत पहिल्या खुर्चीवर एस्किल. साहेब लोक मंजुरीच्या कागदावर सही करायच्या आधी विचारायचे, एस्किल काय म्हणाला? गावात अजूनही जुनी माणसं त्याला ‘कान’ म्हणूनच हाक मारतात.

आणि हाच कान गेली दोन वर्षं गुद्रुनचं एक वाक्य धड ऐकत नव्हता.

एस्किलच्या मते सगळे पुटपुटायला लागले होते. टीव्हीवरचे निवेदक पुटपुटतात, दुकानातली मुलगी पुटपुटते, गुद्रुन तर तोंडातल्या तोंडातच बोलते. ऑक्टोबरमध्ये दवाखान्यातून कानात घालायची, वालाच्या दाण्याएवढी दोन यंत्रं मिळाली होती. ती त्याने एकदा घातली, तोंड वाकडं केलं आणि मेणबत्त्यांच्या खणात टाकून दिली. तेव्हापासून तो एकच गोष्ट करायचा. समोरचं माणूस बोललं की छान हसायचा आणि मान हलवायचा.

मार्चमध्ये त्याने याच मानेने घात केला. बंदरावरच्या नव्या इमारतीत दोन खोल्यांचा फ्लॅट रिकामा होतोय अशी चिठ्ठी आली होती. गुद्रुनने त्याच्याजवळ बसून सांगितलं, अगदी शांतपणे, कारण महत्त्वाचं बोलताना ती कधीच आवाज चढवत नसे. तिने सांगितलं की मला इथून जायचं नाही. एस्किलने मान हलवली, तिच्या हातावर थोपटलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल काढून गेला तो दोघांचं नाव घालूनच परत आला. आता परवा, सोमवारी, दलाल येऊन दारात ‘विकणे आहे’ची पाटी ठोकणार होता.

गुद्रुनने त्या दिवसापासून या विषयावर एक शब्द काढला नव्हता. ज्याला सांगितलं त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं, मग पुन्हा कशाला तोंड वाजवायचं? ती चिडली होती, दुखावली होती, आणि सत्तेचाळीस वर्षांच्या घरात बसून कोणता सेट कुठे मावेल याच्या गप्पा ऐकत सगळ्यांना केक वाढत होती.

“आई, तूच सांग ना!” विबेके म्हणाली. “तुला बाबांचा सेट आवडतो ना? लहानपणी आपण त्याच्यावर नाचायचो.”

“आईला सोपं काहीतरी हवंय,” टॉर्बेन म्हणाला. “फोनवरून चालू, फोनवरून बंद. वाकायला नको, गुडघा दुखायला नको.”

“माझ्या गुडघ्याबद्दल या घरात माझ्यापेक्षा सगळ्यांनाच जास्त माहिती,” गुद्रुन म्हणाली. “केक घ्या.”

“बाबा, तुमचं काय मत?” विबेकेने विचारलं.

एस्किल हसला आणि मान हलवली.

“बघ! हो म्हणाले!” टॉर्बेन ओरडला.

“तुला नाही, मला हो म्हणाले!”

“त्याने केकला हो म्हटलंय,” ओवेमामा म्हणाला. “मी बघत होतो. त्याची नजर स्ट्रॉबेरीवर होती.”

टेबलावर हशा पिकला. एस्किलही सगळ्यांबरोबर मनापासून हसला, आणि त्याला काही कळलेलं नाही हे फक्त गुद्रुनला दिसलं. तिला त्याचा राग आला आणि त्याच वेळी दयाही आली. असं दोन्ही एकदम आलं की ती चिडचिडी व्हायची.

“असं वाद घालून काही व्हायचं नाही,” ती उठत म्हणाली, आणि एस्किलला दिसेल असं तोंड त्याच्याकडे वळवून, शब्द फोडून फोडून मोठ्याने ओरडली, “एस्किल! खुर्च्या लावू या का! कारखान्यासारख्या!”

हे मात्र त्याला ऐकू गेलं. म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला की पियाने कॅमेरा शोधायला पर्स उघडली.

कारखान्याची पद्धत या घरात सगळ्यांना पाठ होती. सेट पडद्याआड. ऐकणारे शेजारी शेजारी बसायचे नाहीत, एकामागे एक बसायचे, बसमध्ये बसतात तसे, म्हणजे कुणाला कुणाचं तोंड दिसत नाही. एकाने भुवई उंचावली की दुसऱ्याचं मत हलतं, असं एस्किल म्हणायचा. बोलायचं नाही, खाकरायचं नाही, पाय हलवायचा नाही. प्रत्येकाजवळ पेन्सिल आणि चिठ्ठी. काय ऐकलं ते लिहायचं, काय आवडलं ते नाही. शेवटच्या खुर्चीवरच्याने चिठ्ठ्या गोळा करून वाचायच्या. आणि लिहिलेलं खोडायचं नाही. या नियमावर एस्किलने एकदा एका मोठ्या साहेबाला खोलीबाहेर काढलं होतं.

मग अर्धा तास नुसती धावपळ. जेवणाच्या खोलीच्या दारावर पाहुण्यांची चादर लटकवली. चादरीमागे चारही पेट्या उभ्या केल्या. रेकॉर्ड एकच, प्लेयर एकच, मध्ये एस्किलची जुनी खटका असलेली पेटी, इकडे फिरवली की एक सेट वाजेल, तिकडे फिरवली की दुसरा. खटका पियाकडे दिला, कारण तिला दोन्हींचा सारखाच कंटाळा होता. आवाजही सारखा हवा. जरा मोठा वाजणारा सेट लोकांना उगाच चांगला वाटतो, हे तर या घरातली मांजरंसुद्धा जाणतात. तेव्हा कारखान्यातलं काटा असलेलं मापयंत्र काढलं आणि टॉर्बेन व विबेके गुडघ्यांवर रांगत एकेक पेटी वेगवेगळी वाजवून काटा जुळवत बसले.

“तू जरा वाढवलास.”

“मी हातही लावला नाही.”

“काटा हलला की!”

“तू श्वास घेतलास म्हणून हलला.”

“दोघांना मिळून एकशे पाच वर्षं झाली,” ओवेमामा गुद्रुनला म्हणाला. “बाथटबमधल्या बदकावरून भांडायचे तेव्हा असेच दिसायचे.”

मग बसले सगळे. पहिल्या खुर्चीवर एस्किल, डोळे मिटून, हात मांडीवर. मागे टॉर्बेन, त्याच्यामागे विबेके, मग पेला सोडून येताना कष्टी झालेला ओवेमामा, आणि सगळ्यात शेवटी गुद्रुन. पियाने चादरीमागून “अ!” म्हटलं आणि सुई टेकवली.

एक बाई संथ आवाजात गात होती, मागे पियानो, भरीव बास, आणि ड्रमवाला झांजेवर ब्रश फिरवत होता, सतत, गाणं सुरू झाल्यापासून. अर्ध्या गाण्याला पियाने “ब!” म्हटलं. खोली एकदम मोठी झाल्यासारखी वाटली. आवाज भिंतींवरून यायला लागला. टॉर्बेनच्या पाठीवरून कळत होतं की तो हसतोय. गंमत म्हणजे विबेकेच्याही.

गाणं संपलं. पेन्सिली खरखरल्या. गुद्रुनने चिठ्ठ्या गोळा केल्या, चष्मा लावला.

“टॉर्बेन. ‘ब फार मोकळा. हवा खेळते. भिंती नाहीशा होतात. अ कोंदट.’” ती चिठ्ठी तिने मागे टाकली. “विबेके. ‘ब मोठा, मायाळू. अ कोरडा, दवाखान्यासारखा.’”

“बघ!” दोघंही एकदम म्हणाले, आणि मग एकमेकांकडे वळले.

“ओवे. ‘ब. अ वाजत होता तेव्हा तहान जास्त लागली.’” हशा. “माझं, मला दोन्हीत ती बाई रडवेली वाटली. पिया, ब कुठला?”

“ब टॉर्बेनचा,” चादरीमागून पिया म्हणाली.

विबेकेचा चेहरा बघण्यासारखा झाला. जन्मभर ज्या पेट्यांच्या बाजूने भांडली त्यांना तिने स्वतःच्या हाताने कोरडं आणि दवाखाना लिहिलं होतं. टॉर्बेनने मात्र जिंकल्यासारखे दोन्ही हात वर केले. “मायाळू! ऐकलंत ना सगळ्यांनी? मायाळू म्हणाली माझ्या सेटला! मी हे फ्रेम करून लावणार!”

“थांब,” गुद्रुन म्हणाली. “बाबांची राहिलीय.”

एस्किलची चिठ्ठी त्याच्या बारीक, कारखान्याच्या अक्षरात होती. गुद्रुनने ती आधी मनात वाचली. दोन ओळी होत्या.

पहिली ओळ: अ आणि ब, दोन्हीत झांज नाही. रेकॉर्ड झिजली असावी.

दुसरी ओळ: ब मध्ये गाणारी बाई खोलीत कुठेच उभी नाही आणि बास गायब. डाव्या पेटीच्या तारा उलट्या लावल्या आहेत.

गुद्रुनने पहिली ओळ पुन्हा वाचली. झांज नाही? सबंध गाणंभर वाजत होती ती. दाराबाहेरच्या पोस्टमनलाही ऐकू आली असती. नियम असा की चिठ्ठी लिहिली तशी वाचायची. समोर पोरं, सून, ओवेमामा, आणि ऐंशी वर्षांचा तिचा नवरा, गळ्यात बो बांधून तिच्याकडे उत्सुकतेने बघणारा. आत्ता पहिली ओळ वाचली असती तर टॉर्बेनने दवाखान्याचा विषय काढला असता, विबेकेचे डोळे भरले असते आणि मेजवानीची वाट लागली असती.

पन्नास वर्षांत पहिल्यांदा तिने नियम मोडला. पहिली ओळ गिळली.

“‘ब मध्ये गाणारी बाई खोलीत कुठेच उभी नाही,’” तिने वाचलं, “‘आणि बास गायब. डाव्या पेटीच्या तारा उलट्या लावल्या आहेत.’”

मग टॉर्बेन चादरीमागे धावला. आतून ठक्कन डोकं आपटल्याचा आवाज आला आणि एक शिवी आली.

“काय रे?” विबेकेने गोड आवाजात विचारलं.

“दोन्ही तारा राखाडी आहेत. लाल खूण केवढीशी आहे, राईच्या दाण्याएवढी.”

“म्हणजे उलट्या आहेत?”

“...आहेत.”

ओवेमामा इतका हसला की त्याला पाठीवर थापट्या माराव्या लागल्या. “वा रे दंतवैद्य! डावीकडचा दात उजवीकडे बसवलास!”

“आणि तूही मायाळू लिहिलंस!” टॉर्बेन चादरीतून डोकं काढून बहिणीवर खेकसला. “चुकीच्या तारांना मायाळू लिहिलंस!”

“तू भिंती नाहीशा केल्यास!”

एस्किलला यातलं किती ऐकू आलं कोण जाणे, पण काय झालं ते त्याला बरोबर समजलं. तो खुर्चीतून उठला तो वीस वर्षांनी लहान होऊन. “उलटी पेटी मोकळी वाटते,” तो म्हणाला. “नवशिक्यांना नेहमीच वाटते. एक पेटी ढकलते, दुसरी ओढते, मध्ये उरतं काय? हवा. तारा सरळ करा, दोन्ही सेट उत्तम आहेत. खुर्ची अर्धा मीटर सरकवली तर यांच्यातल्या फरकापेक्षा जास्त फरक पडतो. कारखान्यातही आम्ही हेच म्हणायचो, आणि विक्रीवाले आम्हाला शिव्या द्यायचे.” मग त्याने बायकोकडे बघून कानाला बोट लावलं. “आणि लोक म्हणतात मला यंत्र लागतं! देऊन टाक ती गुद्रुन, गरजूला देऊन टाक. फ्लॅटमध्ये असला पसारा न्यायचा नाही.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गुद्रुननेही वाजवल्या, आणि मनात म्हणाली, झालं, मीच माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला. आता हा मरेपर्यंत यंत्र घालत नाही. आता सोमवारी पाटी लागणार, आणि बंदरावरच्या त्या पांढऱ्या डब्यात हा मान हलवत बसणार आणि मी ओरडत बसणार.

“बाबांना शेवटी कळतं ते आपल्याला नाही कळणार,” विबेके भावाला म्हणाली. तिचा आवाज आता निवळला होता. “चल, मी तुझ्या तारा लावून देते.”

“माझ्या मी लावीन.”

“तू लावल्यास तेच पुरे झालं.”

गुद्रुनने ठरवलं ते याच क्षणी. पोरांसमोर नाही. पण आज, आत्ता.

“तारा राहू देत,” ती म्हणाली. “सगळे बागेत जा. ओवेला थोडं चालवून आणा, नाहीतर रात्री पोट धरून बसेल. पिया, दार ओढून घे.”

पिया सासूकडे एक क्षण बघत राहिली. मग काही न विचारता टॉर्बेनच्या हाताला धरून त्याला बाहेर काढलं, आणि विबेके काही बोलणार तोच तिच्या हातात ओवेमामाचा कोट कोंबला. ही पोरगी शहाणी आहे, गुद्रुनला वाटलं. दीडशे क्रोनरच्या रेडिओवर सगळ्या बातम्या कळणारी.

एस्किल सेटकडे निघाला होता. गुद्रुनने त्याला बाहीला धरून पहिल्या खुर्चीवर बसवलं आणि त्याच्या हातात कोरी चिठ्ठी दिली.

“अजून एक नमुना आहे!” ती त्याच्या तोंडासमोर ओरडली. “शेवटचा!”

“पोरं?”

“पोरं नकोत! तू एकटा! नियम तेच!”

त्याने मान हलवली, पण ही ती नेहमीची मान नव्हती. कामाला बसताना हलवायचा ती होती. डोळे मिटले, हात मांडीवर ठेवले. गुद्रुन पाचव्या खुर्चीवर जाऊन बसली, त्याच्या पाठीमागे, मधे तीन रिकाम्या खुर्च्या. तिने आवाज चढवला नाही. मार्चमध्ये बोलली होती तशीच बोलली.

“एस्किल, मला तो फ्लॅट नको. मला लिफ्ट नको आणि बंदर नको. इथे माझी चार सफरचंदाची झाडं आहेत, इथे पोरांच्या उंचीच्या रेघा दारावर आहेत. मी तुला हे मार्चमध्ये सांगितलं आणि तू मान हलवलीस, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन नाव घातलंस. मला फार वाईट वाटलं रे. मला इथेच राहायचंय.”

पाठ हलली नाही. बागेतून ओवेमामाचं हसू येत होतं. एस्किल थोडा वेळ वाट बघत बसला, मग त्याने पेन्सिल उचलली, लिहिलं, आणि नियमाप्रमाणे चिठ्ठी खांद्यावरून मागे धरली. गुद्रुन उठून गेली आणि ती घेतली.

एका बाईचा आवाज. ओळखीचा. जागा: मागे, मध्यभागी. शब्द: नाहीत.

त्याने खोडलं नव्हतं, काही घातलं नव्हतं. हो म्हणून मान हलवली नव्हती. जे ऐकलं तेवढंच लिहिलं होतं. गुद्रुनला रडू आवरेना. म्हणजे मार्चमध्येसुद्धा त्याला शब्द पोहोचलेच नव्हते, आणि ती पाच महिने एका बहिऱ्या माणसावर रुसून बसली होती.

एस्किलने वळून पाहिलं आणि तिचा चेहरा बघून त्याचा रंगच उडाला. “काय झालं? काय वाजवलंस?”

तिने त्याची आधीची चिठ्ठी त्याच्यासमोर धरली आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

“झांज होती, एस्किल,” ती मोठ्याने म्हणाली. “पूर्ण वेळ होती. मी ही ओळ वाचली नाही.”

त्याने चिठ्ठी हातात घेतली. “दोन्ही सेटमध्ये?”

“दोन्ही.”

“विबेकेला आली ऐकू?”

“सगळ्यांना आली.”

“ओवेला?”

“ओवेलासुद्धा! तीन पेले पोटात असताना!”

हे त्याला लागलं. टॉर्बेनला, विबेकेला ऐकू येणं वेगळं, पण ओवेला? तो हळूच खाली बसला. दुपारच्या उजेडात तो पहिल्यांदाच खरोखर ऐंशीचा दिसला. गुद्रुन त्याच्याजवळ बसली आणि मघाचं सगळं पुन्हा सांगितलं, तोंडासमोर, ओरडून, एकेक वाक्य, फ्लॅट, झाडं, रेघा, मार्च. अशा गोष्टी ओरडून सांगताना फार हास्यास्पद वाटतं, पण तिने सांगितल्या.

“मी मान हलवली?” तो म्हणाला.

“दोनदा! आणि थोपटलंस!”

“मी तुझ्या गुडघ्यासाठी नाव घातलं गं. मला वाटलं, जिने चढून तू...” त्याने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. “मला वाटलं तुला आवडेल.”

“मग मला विचारायचंस!”

“विचारलं असतं तरी उत्तर ऐकू यायला हवं ना,” एस्किल म्हणाला, आणि स्वतःच दचकला. हे वाक्य गेल्या दोन वर्षांत त्याच्या तोंडून पहिल्यांदा निघालं होतं.

मग तो उठला, गुद्रुनने न सांगता मेणबत्त्यांच्या खणाशी गेला, आणि पाठमोरा उभा राहून कानांशी बराच वेळ झटापट करत राहिला. एकदा ‘पीं’ असा बारीक आवाज आला. एकदा त्याने शिवी दिली. परत आला तेव्हा त्याचं तोंड नको असलेलं औषध घेतल्यासारखं झालं होतं.

“भयंकर आहे,” तो म्हणाला. “वरचं नुसतं खरखरतंय, खालचं काही नाहीच. माझा स्वतःचा आवाज डब्यात बसलाय. असला माल मी कारखान्यातून बाहेर पडू दिला नसता.”

“देऊ नकोस बाहेर. घालून बस.”

“जुने कान याच्यापेक्षा कितीतरी—” तो बोलता बोलता थांबला. “हे काय वाजतंय?”

“फ्रिज.”

“हा असा वाजतो?”

“दोन वर्षं वाजतोय.”

तो पुन्हा पहिल्या खुर्चीवर जाऊन बसला, तिच्याकडे पाठ करून, आणि नवी चिठ्ठी मांडीवर घेतली. “परत. अगदी तसंच, आधीसारखं. ओरडू नकोस. मघाचा अ होता, हा ब.”

गुद्रुन पाचव्या खुर्चीवर बसली. पण आता तिला ते सगळं जमेना. शेवटी ती एवढंच म्हणाली, हळू, तिच्या नेहमीच्या आवाजात, “मला इथेच राहायचंय. तुझ्याबरोबर.”

पेन्सिल चालली. चिठ्ठी खांद्यावरून मागे आली. वर तिचं वाक्य होतं, शब्द न् शब्द. खाली लिहिलं होतं: सोमवारी दलालाला मीच फोन करतो. पाटी लागणार नाही.

बागेचं दार उघडलं. पोरं पुन्हा भांडतच आत येत होती, आता तारा कुणी लावायच्या यावर. गुद्रुनने घाईघाईने डोळे पुसले, टेबलाकडे वळली आणि दोन वर्षांच्या सवयीने सगळा जोर लावून ओरडली, “एस्किल! कॉफी देऊ का अजून!”

एस्किलने दोन्ही हातांनी कान झाकून घेतले.

“अगं, ओरडतेस कशाला? ऐकू येतंय मला.”